सॅमसनकाकांचा तास

सॅमसनकाका तत्त्वज्ञानाचा तास उभ्यानंच ऐकायचे. एसटीत तेहेतीस वर्षं कंडक्टरकी केलेली. बसलं की त्यांना डुलकी लागायची. म्हणून शेवटच्या बाकाला कंबर टेकवून, पाय फाकवून ते असे उभे राहायचे की वर्ग आता वळणावर येणार आहे असं वाटावं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या आर्ट्स कॉलेजात बीएला नाव घातलं होतं. तत्त्वज्ञानाला आम्ही सहाजण. पाचांना दुसऱ्या विषयाला जागा मिळाली नव्हती. हौसेनं आलेले काका एकटेच.

सर कर्मसिद्धान्त शिकवत होते, तेव्हा काकांनी विचारलं, मागच्या गाडीचं तिकीट पुढच्या गाडीत चालतं, असं समजायचं का. सर म्हणाले, साधारण तसंच. अद्वैताच्या वेळी त्यांची अडचण होती की सगळं एकच असेल तर तिकीट कुणी कुणाचं फाडायचं. कोणतंही दर्शन शिकवून झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "ठीक हाय सर, पन ही गाडी कुठवर जाते?" चार्वाकाची गाडी स्मशानाच्या पुढे जातच नाही हे कळल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'शटल'.

काका बेने इस्राएल, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे वाडवडील घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी देवाचा दिवस म्हणून घाणा बंद ठेवायचे. लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. काकांच्या लहानपणी गावात त्यांची वीसेक घरं होती. एकेक करून सगळी इस्राएलला गेली. राहिले काका आणि त्यांचे थोरले भाऊ मुसादादा. दोघंही बिनलग्नाचे.

दुसऱ्या वर्षी एक पेपर शनिवारी आला. विषय होता धर्माचं तत्त्वज्ञान. शनिवारी काका पेन हातात धरत नसत. घरी राहिले असते तरी चाललं असतं, पण पेपरचा अपमान नको म्हणून ते आले, हाताची घडी घालून तीन तास बसले आणि एकदाही पेंगले नाहीत. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाले की आज लिहायचं नाही, तोंडी विचारा, सगळं सांगतो. अर्थात नापास झाले. सर फेरपरीक्षेसाठी अर्ज करायला निघाले होते, पण काकांनी त्यांना अडवलं. परीक्षेचा नियम परीक्षेनं पाळला, माझा मी पाळला, दोघांचा मान राहिला, असं त्यांचं म्हणणं. धर्माच्या पेपरात धर्मामुळे नापास झालेला माणूस म्हणून आम्ही त्यांना महिनाभर चिडवलं. ते आमच्याहून जास्त हसायचे.

त्यांचे प्रश्न मुळात त्यांचे नव्हतेच, हे मला उशिरा कळलं. एकदा नोट्स आणायला मी त्यांच्या घरी गेले. ओटीवरच्या खाटेवर मुसादादा पडून होते, पाय गेलेले. वडील गेले तेव्हा दादांनी सातवीतून शाळा सोडली, सुतारकाम धरलं आणि धाकट्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. स्वतःचं शिकायचं राहिलंच. आता रोज संध्याकाळी काका त्यांना दिवसभराचा तास जसाच्या तसा शिकवायचे. दादा ऐकायचे, शंका काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या शंका काका आपल्या गाडीच्या भाषेत आमच्या वर्गात आणायचे.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर मुसादादा गेले. दफनाला मुंबई-पनवेलहून त्यांचे लोक आले आणि त्याच दिवशी परतले. आठवड्यानं काका वर्गात आले. उभे राहिले, पण हात वर केला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

शेवटी सरांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. काकांनी सांगितलं की मेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना असते, कद्दीश. ती म्हणायला त्यांच्या धर्माचे दहा पुरुष हजर लागतात. दोन दिवसांनी दादांचा तिसावा दिवस होता. मधला वार, कामाचे दिवस. फोन केले तर तिघेच यायला तयार झाले. तीन आले काय आणि न आले काय, म्हणून काकांनी त्यांनाही नको म्हणून कळवलं होतं.

सरांकडून हे कळल्यावर तिसाव्या दिवशी आम्ही पाचजण, सर, कॉलेजचे शिपाईमामा आणि हॉस्टेलची चार मुलं, असे अकराजण त्यांच्या घरी गेलो. काकांनी चटई अंथरली, गूळखोबरं घातलेले पोहे दिले. मग आमच्याकडे बघत राहिले.

"तुमी आलात, लई बरं वाटलं," ते म्हणाले. "पन तुमाला मोजता येत न्हाय."

आमच्यातला एक मुलगा म्हणाला की निदान आज तरी नियम बाजूला राहू दे. काकांनी मान हलवली. दादांसाठी प्रार्थना म्हणायची आणि ती खोटी म्हणायची, हे त्यांना जमणार नव्हतं.

तेव्हा सर बोलले. "सॅमसनराव, प्रार्थना करू नका. शिकवा. तुलनात्मक धर्म आपल्या अभ्यासक्रमात आहे. आम्ही वह्या आणल्यात."

काका उठले. मग कपाटातून जुनं पुस्तक काढून आणलं आणि चष्मा लावला. एकेक ओळ आधी पुस्तकातल्या मूळ भाषेत वाचली, मग मराठीत अर्थ सांगितला. देवाचं नाव मोठं होवो, त्याचं राज्य येवो, सगळ्यांना शांती मिळो, अशा अर्थाच्या त्या ओळी. जमलेले लोक कुठे कुठे आमेन म्हणतात, तेही त्यांनी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी क्षणभर थांबले. आम्ही वहीत आमेन लिहून घेतलं. तोंडानं म्हणायचं की नाही ते कुणालाच कळेना. शिपाईमामांकडे वही नव्हती. ते तेवढे हळूच म्हणत होते.

वाचून झाल्यावर मी विचारलं, "काका, यात मरणाबद्दल एक शब्दसुद्धा नाही?"

"न्हाय," ते म्हणाले. "एकटा मानूस मरनाचंच बोलत बसतो, पोरी. म्हनून धा जन लागतात."

त्यांनी पुस्तक मिटलं. तास संपला होता. पण खाली ठेवलेल्या चपलांकडे आमच्यातलं कुणी वळलं नाही, आणि काकांनीही आम्हाला जा म्हटलं नाही.