वामनरावांची रविवारची कचोरी

वामनराव दिघ्यांना काही विचारायचं असेल, तर त्यांच्या तोंडात घास नाही हे आधी बघून घ्यावं. एक घास बत्तीस वेळा चावल्याखेरीज ते बोलत नाहीत. मोजणी बोटांच्या पेरांवर चालते. एकदा आमच्या सामाईक भिंतीवरच्या तारेतून ठिणग्या उडायला लागल्या. मी ओरडत गेलो, "मेन स्विच कुठंय?" त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बत्तिसाव्याला गिळून म्हणाले, "जिन्याखाली. पण भिया, घाईनं गिळलेलं अंगी लागत नाही." आमच्या माळव्यात भैयाचा भिया होतो.

धारला शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि देवासला आमच्या शेजारी आले, ते आम्हा सगळ्यांना शंभरीपर्यंत जगवायच्या इराद्यानं. कुणी विनंती केली नव्हती. "रंग बघा भिया, रंग!" हे त्यांचं पालुपद. लाल टमाटा, जांभळं वांगं, हिरवा पालक. प्रत्येक रंगात म्हणे वेगळं औषध, आज खाल्लं की वीस वर्षांनी कामी येणारं. आणि देवासकरांची प्लेट? पोहे पिवळे, वर शेव पिवळी, शेजारी जिलबी पिवळी. "कावीळ झालीय हो या प्लेटला!" लग्नात बुफेच्या टोकाशी उभे राहून ते लोकांची ताटं तपासायचे. नवरदेवाचं ताट नापास केलेलं मी स्वतः पाहिलंय.

रोज सकाळी ते दारोदार पाल्याची जुडी अडकवून जायचे. चाकवत, राजगिरा, शेवगा. आमच्या दारची जुडी गाय खायची. गल्लीत सगळ्यांत तब्येतशीर तीच होती.

मग एका रविवारी हेच वामनराव मला बस स्टँडजवळ कचोरी बांधून घेताना दिसले. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही. मला झालेला आनंद मुलाला नोकरी लागली तेव्हाही झाला नसेल.

मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी त्यांचं आहारावर भाषण असे. त्या वर्षी भाषण संपताच मी उभा राहिलो. "मास्साब, बस स्टँडच्या कचोरीचा रंग कोणता?"

अख्खा मंडप खदखदला. पहिल्या रांगेतल्या कुमुदवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याही तोंडाला पदर लावून हसत होत्या. वामनरावांच्या तोंडात घास नव्हता, तरी ते नुसते भाषणाचे कागद गोळा करून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ते जुडी घेऊन आले आणि दार लोटून घेतलं.

"कचोरी कुमुदसाठी असते. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, आवडेल ते द्या. तिला हे ठाऊक नाही. आठवड्याला एक कचोरी चालते, असं नवं संशोधन आलंय म्हणून सांगितलंय तिला. भरमंडपात खरं बोललो असतो, तर तिला कळलं असतं. संशोधन सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी कचोरी धरली असती. तिच्यासमोर पुन्हा विचारू नका, भिया."

मी शब्द दिला आणि पाळला. त्याच हिवाळ्यात वहिनी गेल्या. त्यानंतर माझं तोंड कुणी बांधलेलं नव्हतं, तरी मी बोललो नाही. ते सांगायचं तर मी कसा माणूस आहे, तेही सांगावं लागलं असतं. इकडे त्यांचं नाव 'कचोरी मास्साब' पडलं. भाषण बंद झालं. लोक जुड्या हसत हसत परत करू लागले, तशा जुड्याही थांबल्या. "ढोंगी आहे हो," असं माझ्याच ओट्यावर कुणी म्हणालं, आणि मी चहा पीत राहिलो. अशी बारा वर्षं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. ते जेवत होते. मी बत्तीसपर्यंत थांबलो.

"वामनराव, मंडळाच्या अंकात सगळं लिहून टाकतो. कचोरी तुम्ही खात नव्हता, हे कळू दे लोकांना."

"तसं लिहू नका, खोटं होईल," ते म्हणाले. "अर्धी मी खायचो. तिला एकटीला दिली असती, तर संशय आला असता."

इतकी वर्षं पोळूनही माझी जीभ सुधारली नव्हती. "ती अर्धी कचोरीही बत्तीस वेळा चावून?"

"चौसष्ट," वामनराव म्हणाले. "माझा घास संपेपर्यंत कुमुद समोरून उठायची नाही ना."