सापारबेकांच्या मेजवानीला शून्य पाहुणे

सत्तरीच्या मेजवानीला दोन दिवस उरले असताना सापारबेकांनी सकाळच्या चहाआधी फोन उघडला आणि पाहुण्यांचा आकडा पाहिला.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "शून्य."

आयझिरेक बिश्केकच्या एका कंपनीसाठी किर्गिझस्तानच्या डोंगराळ नारिनमधल्या घरी बसून प्रोग्रामिंग करायची. मेजवानीचं पान तिनेच बनवलं होतं. आमंत्रण मिळालेल्याने किती जण ते लिहून 'येतो' हे बटण दाबायचं, आणि पानाच्या मधोमध एकूण आकडा सगळ्या गावाला दिसायचा. तिने लॅपटॉप उघडून सर्व्हरकडून काय येतंय ते तपासलं.

"बाबा, नव्वद जण येतायत. मला इथे स्पष्ट दिसतंय."

"तुला दिसतंय. गावाला शून्य दिसतंय."

"आकडा पोचलाय. फक्त पानाला तो वाचता येत नाहीये."

"पोचलाय आणि वाचता येत नाही," सापारबेक म्हणाले. "सरळ सांग ना, लोक रुसलेत."

ते अंगणात जाऊन बसले आणि कोण कशावरून रुसलं असेल याचा विचार करू लागले. पहिला आठवला चुलतभाऊ जुमाबेक. त्यांनी फोन लावला.

"जुमाबेक, त्या हाडाचं मनावर घेऊ नकोस."

"कुठल्या हाडाचं?"

"मानाच्या. मुलाच्या लग्नात थोरल्याला द्यायचं ते तुला वाढायचं सोडून मी बेक्तुरच्या ताटात टाकलं. तो तुझ्याहून लहान."

"असं झालं होतं? मी खाण्यात होतो, लक्षच नव्हतं," जुमाबेक म्हणाला. "आता मात्र फार वाईट वाटतंय."

त्याची समजूत काढताना सापारबेकांनी त्याला त्याच्या सगळ्या व्याह्यांसकट बोलावलं. मग फोनवर पाहिलं. शून्य. म्हणजे आणखी कुणीतरी रुसलं होतं. दुपारपर्यंत त्यांनी लंगडी घोडी धडधाकट म्हणून विकल्याची, मेव्हण्याचा घोडा शर्यतीत पडला तेव्हा हसल्याची आणि शेजाऱ्याचं गवत कापल्याची कबुली दिली. यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सगळे नव्याने रुसले, सगळ्यांची समजूत काढून झाली आणि सगळ्यांनी सहकुटुंब येतो म्हणत बटण दाबलं. पान मात्र शून्यच दाखवत होतं.

इकडे आयझिरेकला कारण सापडत आलं होतं. पान एका पत्त्यावर होतं आणि सर्व्हर दुसऱ्या. परक्या पत्त्यावरून उत्तर आलं की सर्व्हरचा होकार असेल तर ब्राउझर पानाला आतला मजकूर वाचू देतो, पण लिफाफ्यावर लिहावं तसं उत्तराच्या माथ्यावर जे लिहिलेलं असतं, ती हेडरं दडवतो. त्यातली सात नेहमीची तेवढी दाखवतो. बाकीच्यांपैकी कुठलं हेडर दाखवायचं, ते सर्व्हरने नाव घेऊन सांगावं लागतं. आकडा अशाच एका हेडरमध्ये होता. ती परवानगी आयझिरेकने लिहिलीही होती.

तिने परवानगीची ओळ पुन्हा वाचली आणि कपाळाला हात लावला. सर्व्हरच्या कामात मदत करणाऱ्या तिच्या सहकाऱ्याने हेडरचं नाव 'सापारबेक-पाहुणे' ठेवलं होतं. परवानगीत तिने लिहिलं होतं 'थोरले-पाहुणे'. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नऊ वर्षांत तिच्या बोटांनाही ते वळण लागलं होतं.

"आपा," तिने पीठ मळणाऱ्या सासूला विचारलं, "नुसतं लिहिलं, तर ते नाव घेतल्यासारखं होतं का?"

"मला काय माहीत. मी त्यांचं पेन्शन आणायला जाते तेव्हा 'आमचे ते' म्हणते. पोस्टातल्या बाईला कळतं."

"या यंत्राला कळत नाही."

"शहरातलं असेल."

शेवटी सापारबेकांनाच बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. मग वडिलांचं लिहायला घेतलं.

"बाबा, पुढचं नको."

"नुसता सापारबेक? तालुक्यात पन्नास असतील."

"या सर्व्हरवर तुम्ही एकटेच आहात."

हे त्यांना आवडलं. पान पुन्हा उघडलं. सातशे त्रेचाळीस.

मेजवानीचा हॉल दोनशे माणसांचा होता.

"एवढे कसे?" आयझिरेकने विचारलं.

सापारबेकांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात फोन वाजला. मेव्हणा होता. "दाजी, तुमच्याकडे कुणीच येत नाही असं दिसलं, म्हणून सगळ्यांना घेऊन निघणार होतो. वाईट दिसतं ना. पण आता बघतो तर जत्रा आहे. आमच्यावाचून अडणार नाही."

मागोमाग शेजारी, मग घोडीवाला. सगळे दयेपोटी निघाले होते, आणि आता दयेची गरज उरली नव्हती. एकेकाने आपला 'येतो' मागे घेतला आणि आकडा उतरू लागला. सहाशे. चारशे. अडीचशे. सापारबेक कडेवरच्या नातवाला जत्रेतला पाळणा उतरताना दाखवावा तसे सगळ्यांना फोन दाखवत होते.

"एकशे ऐंशी," आयझिरेक म्हणाली. "हॉलमध्ये बसतील एवढे. पण बाबा, हा उतरतोच आहे."

"मग झाक तो. पुढे कुणाला दिसायला नको."

"झाकू कसा? तुमचं नाव खोडावं लागेल."

"माझं नाव मी खोडतो."

त्यांनी एकेक अक्षर मागे घेत नाव पुसलं. पानावर शून्य उमटलं. आत कुठेतरी एकशे ऐंशी माणसं सुखरूप होती आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. सापारबेकांनी समाधानाने चहा मागितला.

मेजवानीच्या सकाळी पुन्हा चहा ओतत असतानाच जुमाबेकचा फोन आला. मागे इंजिनांचा आणि बायकामुलांचा आवाज होता.

"सापारबेक, परत शून्य झालंय ना? मी पाहिलं. तू धीर सोडू नकोस. मी सगळ्यांना फोन केलेत, मेव्हण्यालाही चांगलं झापलंय. दोन बस भरल्यात, तिसरी बघतोय."