साळोबाची स्वस्त गाडी

एका जंगलात रस्ता झाला. रस्ता झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला कुठेतरी जायचं आहे. तोपर्यंत कुणालाच कुठे जायचं नव्हतं. बाळांनो, रस्त्याचं असंच असतं.

मग गाड्या आल्या. हरणांनी गाड्या घेतल्या आणि त्यांची पोटं सुटली. कासवानंही एक घेतली. ती पुढे असली की मागे रांग लागायची.

त्याच जंगलात साळोबा राहायचा. जातीनं साळिंदर. त्याची बायको साळूबाई. त्यांची एकुलती एक लेक चिमी घाटापलीकडच्या जंगलात दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा साळिंदरांचा रिवाज. साळूबाईनं बिळातली आतली खोली सारवली, डिंकाचे लाडू वळले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. आता फक्त लेकीला आणायचं राहिलं होतं.

अडचण एकच होती. अवघडलेल्या पोरीला घाटातून चालवत आणता येत नव्हतं, आणि साळिंदराला कुणी आपल्या गाडीत घेत नाही. बसलं की सीटला भोकं पडतात. शेजारी तसे फार प्रेमळ होते. "कधीही सांगा हो, साळोबा!" असं म्हणायचे आणि काच वर करायचे.

"अहो, आपली स्वतःचीच घ्या," साळूबाई म्हणाली. "जुनी चालेल. चाकं फिरली म्हणजे झालं."

"घेऊ की," साळोबा म्हणाला. "पण नीट बघून घेऊ. कुणी आपल्याला फसवता कामा नये."

घोटाळा इथेच झाला. पण तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नाही.

जंगलात जुन्या गाड्या विकायचा कोल्हा. आता तुम्ही म्हणाल, कोल्हा म्हणजे लबाड. सगळं जंगल हेच म्हणायचं. त्याच्या आजोबांनी कुणाकुणाला कसं गंडवलं, ते लहान लहान पिल्लांनाही तोंडपाठ होतं. त्यामुळे बिचाऱ्या कोल्ह्याला खरं बोलण्यावाचून इलाजच उरला नव्हता. एक थाप पकडली गेली असती तर जंगलानं त्याचं दुकान उठवलं असतं.

साळोबा जाताना अण्णा अस्वलाला सोबत घेऊन गेला. अण्णांना गाडीतलं कळतं, अशी ख्याती होती. कारण त्यांच्याकडे गाडी होती. अण्णांनी एका निळ्या गाडीचं बॉनेट उघडलं, आत बघून "हं" म्हणाले आणि बंद केलं. टायरला लाथ मारली. मग पलीकडच्या बाजूला जाऊन पुन्हा "हं" म्हणाले.

"गाडी चांगली आहे," कोल्हा म्हणाला. "मागचं डावं दार आतून उघडत नाही, ते आधीच सांगून ठेवतो. वायपर कुरकुरतो. एकदा ओढ्यात घसरली होती, म्हणून उजवीकडचा पत्रा नवा आहे. इंजिन ठणठणीत. घाट आरामात चढेल. पंचवीस पोती शेंगा."

जंगलात सगळा व्यवहार शेंगांच्या पोत्यांत चालायचा.

अण्णांनी साळोबाला बाजूला घेतलं. "स्वतःहून एवढं सांगतोय. मग न सांगितलेलं केवढं असेल, विचार कर."

"आणि पंचवीस जास्त नाहीत का हो?"

"जास्त? अरे, मी माझी अठराला घेतली. वर सीट कव्हरं फुकट."

कोल्ह्याचे कान चांगले तिखट. "अण्णा," तो म्हणाला, "तुमची गाडी तुम्ही माझ्याकडूनच नेलीत. सत्तावीस पोत्यांना. सीट कव्हरांचं एक पोतं वेगळं."

अण्णा हसले. "बघितलंस, साळोबा? तोंडावर खोटं बोलतो. कोल्हाच शेवटी."

साळोबानं चौदा पोती सांगितली.

"चौदाला चाकं देतो," कोल्हा म्हणाला.

तेव्हा साळोबानं पाठ फिरवली. घासाघीस करताना पाठ फिरवली की मागून हाक येते, हे कुणालाही ठाऊक असतं. म्हणून तो सावकाश चालला. थोडा थांबला. पायात नसलेला काटा काढला. हाक काही आली नाही. शेवटी त्यानं वळून पाहिलं, तर कोल्हा गाडीची काच पुसत होता.

"आणली?" साळूबाईनं विचारलं.

"लुबाडायला निघाला होता मला! अण्णांना अठराला मिळते आणि मला पंचवीस? मी काय वेडा आहे?"

"अहो, पण अस्वलवहिनी पाणवठ्यावर म्हणत होत्या, गाडीपायी दोन वर्षं घरात मध आला नाही. अठरा पोत्यांत कुणाची अशी दैना होते का?"

'बायकांना व्यवहारातलं काय कळतं,' असं साळोबा म्हणाला. मनातल्या मनात. मोठ्यानं म्हणायची त्याची छाती नव्हती.

मग साळोबानं जंगलभर चौकशी केली. बिबट्याला त्याची गाडी पंधराला पडली होती. रानडुकराला तेराला, तीही टाकी भरून. माकड तर म्हणालं, "मालकानं माझ्यापुढे हात जोडले, 'घेऊन जा एकदाची' म्हणून." जितक्यांना विचारावं तितकी गाडी स्वस्त होत जायची. फक्त त्या भावात विकणारा कुणी भेटायचा नाही.

साळोबा खूश होता. भाव उतरतोय, असं त्याला वाटत होतं. इकडे चिमीचे दिवस भरत आले होते. साळूबाई रोज लाडवांचा डबा उघडायची, मुंग्या लागल्या नाहीत ना ते पाहायची आणि झाकण लावायची.

"बारापर्यंत येऊ दे," साळोबा म्हणायचा. "मग सोडत नाही."

एक दिवस घाटावरून कावळा आला.

"चिमी बाळंत झाली," तो म्हणाला. "जुळं आहे. सासूनं केलं सगळं. पोरगी तुमची फार वाट बघायची हो. वळणावर गाडी वाजली की उठून बाहेर यायची."

काय सांगावं आणि काय सांगू नये, हे कावळ्यांना कळत नाही.

साळूबाई रडली. साळोबाशी ती एका शब्दानं भांडली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. तो उठला आणि तडक कोल्ह्याकडे गेला. निळी गाडी केव्हाच गेली होती.

"लाल आहे," कोल्हा म्हणाला. "अठ्ठावीस पोती. हिच्या छताला—"

"दे," साळोबा म्हणाला.

कोल्हा घाबरला. घासाघीस न करता त्याच्याकडून आजवर कुणी काडी नेली नव्हती. पोती आल्यावर त्यानं एकातली शेंग काढून दातानं फोडून पाहिली. शेंग खरी होती. मग त्यानं किल्ली दिली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला, काय चुकलं ते आठवत.

साळोबा आणि साळूबाई लाल गाडीतून बारशाला निघाली. सीटला भोकं पडली, पण आपल्याच सीटला पडली. साळूबाई वाटेत चार शब्द बोललीसुद्धा. साळोबाला बरं वाटलं. आता सगळं ठीक होईल, असं त्याला वाटलं.

गाडी थांबताच सगळा गोतावळा भोवती जमला. व्याही पुढे आले.

"काय व्याहीबुवा, केवढ्याला पडली?"

साळोबानं साळूबाईकडे पाहिलं. खरं सांगून टाका, असं तिच्या डोळ्यांत होतं. बाळांनो, साळोबालाही खरंच खरं सांगायचं होतं. अठ्ठावीस हा आकडा अगदी जिभेवर आला होता. पण समोर व्याही होते, व्याह्यांचे भाऊ होते आणि भावांचे मेव्हणेही होते.

"दहा," साळोबा म्हणाला. "वर कोल्ह्यानं नारळ दिला."

"वा!" सगळा गोतावळा म्हणाला. व्याह्यांनी आपल्या मुलाला कोपरानं ढोसलं. "शीक जरा." साळोबाचे काटे अभिमानानं ताठ उभे राहिले.

चिमी दारात उभी होती. दोन्ही कडेवर एकेक पोर होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दहाच पोती?" ती म्हणाली. "मग बाबा, मला न्यायला का नाही आलात?"

साळोबा वळून गाडीची काच पुसू लागला. साळूबाईनं पुढे होऊन लेकीच्या कडेवरचं एक पोर घेतलं आणि दोघी आत गेल्या.

तात्पर्य: गाडीचा चांगला सौदा ती घेताना होत नाही, घेतल्यावर सांगताना होतो. म्हणून कोल्ह्यावर मुळीच विश्वास ठेवू नये, तो खरं बोलतो. शेजाऱ्यांवर ठेवावा. आणि आपली पाळी आली की बेधडक कमी आकडा सांगावा. फक्त त्याआधी लेकीला आत पाठवावं.