टपोरं शून्य

माणसाचा माणसावर विश्वास असला की कुलपाची गरज उरत नाही, असं त्या गल्लीच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष नेहमी म्हणत; आणि म्हणताना कपाटाच्या किल्ल्या खिशात चाचपून बघत.

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी साखळीनं टांगलेली एक पाटी होती : 'आजवर झालेले गुन्हे – ०'. अध्यक्षांनी ती स्वतः उभं राहून रंगवून घेतली होती. शून्य इतकं टपोरं होतं, की लांबून पाहणाऱ्याला इथे पंक्चर काढून मिळतं असं वाटे. त्यावरून सगळे त्यांना शून्यकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते खूश होत. या गल्लीत फाटकाला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणण्यासारखं होतं. दातांचे डॉक्टर नव्यानं राहायला आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात कुलूप लावलं, तेव्हा काका त्यांच्या दारात जाऊन इतके हळहळले, की डॉक्टरांनी ते कुलूप दवाखान्याला लावून टाकलं.

रविवारी पोलीस ठाण्याचे मोठे साहेब 'सर्वांत सुरक्षित वस्ती'ची ढाल द्यायला येणार होते. कार्यक्रमानंतरचा चहा काकांकडे होता. आणि शनिवारी सकाळी काकूंनी पाण्याच्या मोटरचं बटण दाबलं, तर नेहमीची घरघर आली नाही. त्या मागच्या अंगाला जाऊन बघून आल्या.

"अहो, मोटर गेली."

"गेली म्हणजे? जळली?"

"जळलेली मोटर जागेवर असते. पाइप आहे, वायर आहे, मधली मोटर तेवढी नाही."

काकांनी आधी उठून खिडकी लावली. "हळू बोल!"

"का? चोराची झोपमोड होईल?"

"चोर हा शब्द काढू नकोस. उद्या साहेब येतायत. शून्याचा एक होईल!"

"होऊ दे. मी ही निघाले ठाण्यात."

"अगं, इतक्या वर्षांचं शून्य आहे ते!"

"शून्यानं भांडी घासता येतात का? वरच्या टाकीत थेंब नाही. उद्या साहेबांचा चहा काय शून्यात उकळू?"

शेवटी तह झाला. ढाल हातात पडेपर्यंत काकूंनी ब्र काढायचा नाही, आणि तोवर पाणी काकांनी भरायचं. काका दोन बादल्या घेऊन डॉक्टरांच्या दारात उभे राहिले.

"दोन बादल्या पाणी मिळेल? मोटर सर्व्हिसिंगला दिलीय."

वाचणार नाही अशा दाढेकडे डॉक्टर ज्या मायेनं बघत, त्याच मायेनं त्यांनी काकांकडे पाहिलं.

"माझी सायकलही तिथेच आहे," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं."

"सायकलच्या सर्व्हिसिंगला दीड वर्ष?"

"काका, तुम्ही बसा आधी. पाणी देऊ प्यायला?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "कुलपावरून तुम्ही इतके हळहळला होतात. सायकल गेली हे कुठल्या तोंडानं सांगणार?"

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांना तोंड दाखवायचा धीर होईना, म्हणून काका समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. तिथेही मोटरचं तेच सांगितलं. बाईंनी बादल्या पाहिल्या आणि चष्मा काढला.

"सर्व्हिसिंग?"

"हो."

"माझी पितळेची भांडी तिथेच गेली."

"पण बाई, ती तर तुम्ही गरजूंना देऊन टाकलीत ना?"

"असं मी एकदा घाईत म्हणाले. पुढच्या सभेत तुम्ही माझ्या त्यागाबद्दल टाळ्या वाजवायला लावल्यात. टाळ्या परत करता येतात का?"

तिसऱ्या खेपेला कोपऱ्यावरच्या शिंप्यानं काहीच विचारलं नाही. बादल्या भरल्या, एक स्वतः उचलली आणि चालता चालता सांगितलं, "काका, माझं शिलाई मशीन गेलं तेव्हा दोन महिने हातानं शिवलं. बोटांची चाळण झाली. गिऱ्हाइकं म्हणाली, वा, हातशिलाई! पण शून्याला धक्का लागू दिला नाही." हे सांगताना त्याची छाती अशी फुगली, की त्याच्याच हातची बंडी त्याला आवळ झाली.

संध्याकाळपर्यंत घरातली सगळी भांडी भरली आणि काका रिकामे झाले.

रविवारी गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी भाषण केलं. अशी वस्ती आपण उभ्या नोकरीत पाहिली नाही, असं ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेतले डॉक्टर, बाई आणि शिंपी ताठ बसले. काकांनी वाकून ढाल घेतली. बादल्यांनी धरलेली कंबर सरळ व्हायच्या आत काकू उभ्या राहिल्या.

"साहेब, आमच्या पाण्याच्या मोटरची चोरी झालीय."

खुर्च्यासुद्धा कुरकुरायच्या थांबल्या.

"अध्यक्ष, हे खरं आहे?" साहेबांनी विचारलं.

काकांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. शिंपी हळूच नकारार्थी मान हलवत होता. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. तहाप्रमाणे त्या अख्खा दिवस गप्प बसल्या होत्या, लग्नानंतर प्रथमच.

"खरं आहे," काका म्हणाले. "लिहून घ्या. मोटर, सायकल, पितळेची भांडी, शिलाई मशीन, सगळं लिहा. पाटी मी पुसतो."

साहेब भारावले. त्यांनी तिथल्या तिथे ठाण्यात फोन लावला, पत्ता सांगितला, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"तुमची गल्ली आमच्या हद्दीत येत नाही. आमची हद्द नाल्याला संपते."

"आणि नाल्याच्या अलीकडे?"

"शेजारचं ठाणं." साहेबांनी तिकडेही फोन लावला. शेजारच्या ठाण्याची हद्द गल्लीच्या मागच्या पाण्याच्या टाकीपासून सुरू होत होती.

"म्हणजे आम्ही?" बाईंनी विचारलं.

"मध्ये."

"मग ही ढाल कशी मिळाली?"

"ज्या वस्तीची एकही तक्रार आमच्याकडे नोंदलेली नसते, तिला देतो," साहेब ओशाळून म्हणाले. "तुमची नोंदवायचीच सोय नाही."

मग शिंप्यानं घसा खाकरला.

"म्हणजे साहेब, शून्य शाबूत?"

"शाबूत. आणि पुढेही राहील."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पलीकडच्या गल्लीतली माणसं गच्चीवर आली. बाईंनी डोळे पुसले. डॉक्टरांनी काकांना मिठी मारली.

"टाळ्या झाल्या असतील तर बादल्या धरा," काकू म्हणाल्या. "चहाला पाणी कमी पडतंय."

दुसऱ्या दिवशी काका रंगाऱ्याला घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. शून्य आणखी टपोरं करून घ्यायचं होतं. पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. साखळी सर्व्हिसिंगला गेली होती.