टोपी मागणारे रहमानचाचा

कर्जतच्या स्टँडामागं रहमानचाचांचं गॅरेज होतं. ट्रक दुरुस्तीला आला की दुसरे मिस्त्री बॉनेट उघडत. चाचा ड्रायव्हरची टोपी मागत. ती सायलेन्सरच्या तोंडाशी धरून ओरडत, "हं, दे रेस!" ट्रक गुरगुरला, की पांढऱ्या टोपीवर बुक्का सांडल्यासारखा डाग उमटे. मग टोपी ज्याची त्याला परत.

"घाल डोक्यावर. लाज वाटती? मंग लोकांच्या छातीत कशापायी घालतो?"

चाचांच्या धाकानं कर्जतचे निम्मे ड्रायव्हर बोडक्यानं फिरत, असं लोक म्हणायचे. ते काही खरं नाही. टोप्या खिशात असायच्या. चाचा खिसेही तपासत.

मी शेजारच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. माझ्या वर्गाच्या खिडक्या गॅरेजकडं उघडत. एखादं पोर सलग खोकलं, की चाचा पाना टाकून रस्त्यावर येत आणि जो ट्रक दिसेल त्याला आडवे होत. एकदा त्यांनी लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रक अडवला होता. नवरदेवाचा फेटा थोडक्यात वाचला.

पुढं दुष्काळ पडला, रस्त्यांची कामं निघाली आणि खडीचे ट्रक वाढले. त्यातले सहा एकट्या ठेकेदार भाऊसाहेबांचे. एके सकाळी ते स्वतः गॅरेजात आले.

"चाचा, डिझेल पंपाचा स्क्रू जरा पिळा. गाडी चढाला दम टाकती."

स्क्रू पिळला की इंजिनात डिझेल जास्त जातं, गाडी ओढते, आणि मागं काळाकुट्ट धूर सोडते. हे तोवर मलाही पाठ झालं होतं.

"दुप्पट खडी भरल्यावर दम टाकनारच," चाचा म्हणाले. "मी स्क्रू पिळला तर गाडी चढंल. मंग दम ही साळंतली पोरं टाकतील."

"तू मिस्त्री हायेस का डॉक्टर?"

चाचांनी हात पुढं केला. "टोपी द्या."

भाऊसाहेबांचा हात पटकन डोक्याकडं गेला, कडक इस्त्रीची टोपी सांभाळायला. गॅरेजात कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं घात केला. सहाही ट्रक दुसरीकडं गेले, आणि भाऊसाहेबांच्या शब्दाखातर इतरांचेही. चाचा स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करू लागले. तरी धूर दिसला की रस्त्यावर हजर.

"चाचा, जरा नमतं घ्या," मी एकदा म्हणालो.

"नमून नमूनच गाडीखाली जिंदगी गेली, गुर्जी. आता उभा ऱ्हातो."

मग दोन दिवस गॅरेज बंद दिसलं, म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर त्यांची बायको, अमिनाबी, उशांना टेकून बसली होती. तिच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. चाचा पंख्यानं वारा घालत होते. मला बघून ओशाळले. इतक्या वर्षांत घरातलं हे दुखणं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"पंधरा वर्सं मीच स्क्रू पिळलेत, गुर्जी," ते हळूच म्हणाले. "तवा गॅरेजच्या मागल्या खोलीत ऱ्हात हुतो. दाराशी दिसभर गाड्या चालू. ही त्या धुरात भाकरी थापायची. खोकली, तर मी म्हनायचो, पानी पी."

तेवढ्यात भाऊसाहेबांचा एक ड्रायव्हर दारात आला. "मालक सगळ्या गाड्या तुमाला द्यायला तयार हायेत, चाचा. दुसऱ्याच्या हाताला गुन न्हाई म्हनत्यात. फकस्त तेवढा स्क्रू..."

चाचांनी खाटेखालच्या औषधाच्या बाटलीकडं बघितलं. तळाशी दोन चमचे उरले असतील. हातातला पंखा खाली ठेवला.

"न्हाई म्हना," खाटेवरून आवाज आला. अमिनाबी थांबली, दम गोळा केला. "माझं नाव फुडं करू नका. तुमचं तुमी म्हना."

चाचा उठले. "न्हाई!" ते असं ओरडले की ड्रायव्हर दोन पायऱ्या मागं उतरला.

भाऊसाहेबांचे ट्रक पुढं कधीच आले नाहीत. इतरांचे आले, हळूहळू, थोडेच. पण त्या घटकेला चाचांना त्याची फिकीर नव्हती. त्या एवढ्याशा बोलण्यानं अमिनाबीचा श्वास अडकला होता. चाचा खाटेशी बसले, पंखा उचलला, आणि तिचा पुढचा श्वास येईपर्यंत त्यांनी स्वतःचा रोखून धरला.