पौषातले पाहुणे आणि माझं रंगीत ताट

पाहुण्यांना काय खायला घालायचं, हा प्रश्न मला कधीच पडत नाही. मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ मी इतके बघते की झोपेतही माझा अंगठा वर सरकत असतो, असं आमचे हे सांगतात. त्यामुळे भोरजवळच्या उत्रोलीतल्या आमच्या घरी पाहुणे येणार म्हटलं की बाकीचे काळजीत पडतात आणि मी खुशीत येते.

या वेळी काळजी मात्र खरी होती. माझ्या नणंदेला, सोनियाला, मार्गासनीचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा कुमार, पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. फोटो आल्यापासून सोनिया उगाचच वेणी घालत होती आणि सोडत होती. पण महिना पौष. मुलाच्या आजीनं, ठकुबाईंनी, बजावलं होतं की पौषात मुलगी बघायची नाही. आणि कुमारला सुट्टी मिळाली होती ती नेमकी पौषातच, पुढची थेट उन्हाळ्यात. तोवर असं स्थळ कोण राहू देतंय? शेवटी मध्यस्थानं तोड काढली. मंडळी काही कामासाठी भोरला येतील आणि जाता जाता आमच्याकडं 'सहज' डोकावतील.

"म्हंजी पोहे करायचे न्हाईत," सासूबाई म्हणाल्या. "पोहे म्होरं आले की झाला बघन्याचा कार्यक्रम. म्हातारी उंबऱ्यावरनंच माघारी फिरंल. शिरा न्हाई, लाडू न्हाई. सहज आलेल्याला देत्यात तसं कायतरी पायजे. पर झ्याक पायजे."

"आई, ते माझ्यावर सोडा," मी म्हणाले.

माझ्या डोक्यात ताट तयारच होतं. कच्च्या भाज्यांचे सुबक तुकडे करायचे, रंगांप्रमाणे गोल मांडायचे आणि मधे दह्याच्या घट्ट चटण्या ठेवायच्या. त्यांना डिप म्हणतात. भाजी त्यात बुडवायची आणि खायची. शिजवणं नाही की तळणं नाही. याला कुणाचा बाप कार्यक्रम म्हणू शकला नसता.

आदल्या दिवशी भोरच्या आठवडी बाजारात गेले. पौषातला बाजार म्हणजे नुसती रंगपंचमी. लाल गाजरं, पांढरे मुळे, बीट, कोवळ्या काकड्या, ओला हरभरा, वाटाण्याच्या शेंगा. मी एका मावशींकडं बसले आणि सगळं थोडं थोडं निवडायला लागले.

"पावनं किती हायती?" मावशींनी विचारलं.

"तिघं."

"आन् गाजरं येवढीच? येकेक दावून परत ठिवनार का काय?"

मी हसून घेतलं. डिप म्हणजे काय ते भर बाजारात कोण समजावत बसणार? शोभेसाठी एक छोटा, पांढराशुभ्र फ्लॉवर घेतला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी चिरत होते. घरातल्या सगळ्या थाळ्या लहान पडल्या, म्हणून पितळी परात घासून काढली. कडेनं गाजर, मग काकडी, मग बीट, मुळा, टोमॅटो, आणि सगळ्यात आत हिरवा हरभरा. मधोमध तो फ्लॉवर. त्याच्यापुढं तीन वाट्या: पांढरं लसणीचं डिप, गुलाबी बिटाचं आणि हिरवं पुदिना-मिरचीचं. परात टीपॉयवर मावेना, म्हणून भिंतीशी चौरंग मांडला आणि त्यावर ठेवली. सासूबाई आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "लसनाचा भपकारा सुटलाय सगळीकडं." त्यांनी लगेच दोन उदबत्त्या पेटवून चौरंगाजवळ खोचल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दारात जीप थांबली. कुमार उतरला, त्याचे आजोबा हैबती उतरले आणि मागून ठकुबाई. आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते प्रसन्न होते. ठकुबाईंचा चेहरा मात्र आवळून बांधलेल्या गाठोड्यासारखा. "आमी काय बघाया आलो न्हाई," त्यांनी दारातच सांगून टाकलं. "पानी पिऊन जातो."

आत पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. नजर चौरंगावर गेली. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, हळूच खाली बसल्या आणि फ्लॉवरसमोर डोकं टेकवलं.

"शाकंबरी मांडली व्हय तुमी? नवरातर चालू हाय, आन् हल्ली कोन मांडतंय येवढ्या निगुतीनं?"

शाकंभरी म्हणजे भाज्यांची देवी. तिचं नवरात्र पौषात असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. मी तोंड उघडलं. "आजी, हे म्हणजे..."

सासूबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वाक्य तिथंच संपलं. "व्हय तर," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्या सुनंची लई भक्ती."

"हळदकुकू आना बगू," आजी म्हणाल्या.

मग ठकुबाईंनी गाजराच्या एकेका तुकड्याला बोटं लावली. काकडीला लावली, टोमॅटोला लावली. फ्लॉवरला तर मळवटच भरला. माझी सकाळभराची मेहनत बघता बघता लाल-पिवळी झाली. एवढ्यात कुमारनं कडेचं एक गाजर उचललं, गुलाबी वाटीत बुडवलं आणि म्हणाला, "वा, डिप आहे का?"

"ठेव ते," आजीनं त्याच्या हातावर चापट मारली. "निवद दावल्याबिगार खातुयास?"

नेमकी तेव्हा सोनिया पाणी घेऊन आली. तिनं परात बघितली, माझं तोंड बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. तरी हसू फुटलंच. तांब्यातलं निम्मं पाणी जमिनीवर गेलं. कुमारनं तिच्याकडं बघितलं आणि तोही मान खाली घालून हसायला लागला.

ठकुबाईंनी आरती धरली. आवाज खणखणीत. तो ऐकून आळीतल्या बायका आत आल्या, त्यांनीही हळदीकुंकू वाहिलं, एकीनं तर फ्लॉवरला पोत घातली. आरती संपली तसे हैबती आजोबा पुढं सरकले आणि त्यांनी तीर्थासाठी ओंजळ पुढं केली. तीर्थ कुठलं? ठकुबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि हिरव्या वाटीतलं डिप चमच्यानं त्यांच्या तळहातावर घातलं.

त्यात मूठभर मिरच्या होत्या. मी डोळे मिटून घेतले.

आजोबांनी ते भक्तिभावानं ओढलं आणि रीतीप्रमाणे हात डोक्यावरून फिरवला. पांढरे केस हिरवे झाले. डोळ्यांतून धारा लागल्या.

"देवी कडक हाय," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी परत हात पुढं केला. "आनखी येक चमचा."

ठकुबाईंचं गाठोडं सुटलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "देवीच म्होरं बसलीया, तर पौष कसला धरून बसायचा? बोलवा पोरीला. आन् पोहे न्हाई केले व्हय तुमी?"

सासूबाई स्वयंपाकघराकडं पळाल्या, मागोमाग मी. इतकं सगळं करून शेवटी मी पोह्यांसाठी कांदाच चिरत होते. मागच्या पडवीत कुमार आणि सोनियाला बोलायला बसवलं होतं, ते खिडकीतून ऐकू येत होतं.

"खरं सांगू का?" सोनिया म्हणत होती. "ती पूजा नव्हती."

"माहितीये. आमच्या हॉटेलात अशी ताटं रोज जातात. पण पाया कुणी पडलं नव्हतं."

मग दोघं इतकं हसले की मी कांदा चिरताना निर्धास्त झाले. स्थळ पक्कं होतं.

निघताना ठकुबाईंनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की मांडलेली पूजा संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. त्यामुळे माझं ताट तसंच राहिलं. गाजरं सुकली, काकडीला पाणी सुटलं.

दिवेलागणीला मी परात उचलायला गेले, तर सासूबाई चौरंगापाशी फतकल मारून बसलेल्या. हातात कुंकू पुसलेलं गाजर. लसणीच्या डिपाची वाटी चकचकीत झाली होती आणि बिटाची व्हायच्या बेतात होती.

"सुप्रिया, लई ग्वाड लागतंय गं हे," त्या तोंडात घास धरूनच म्हणाल्या. "उद्या परत कर. फकस्त आधी दाराला कडी लाव. कुनी पाया पडाय लागलं की खाया मिळत न्हाई."