महिला विभागाचे दहा एमबीपीएस

देवपुरातल्या गिरधरभाऊंनी एका रविवारी घरातल्या इंटरनेटचं न्याय्य वाटप करायचं ठरवलं. भाऊ कचेरीत कारकून. कालव्याच्या पाणीपाळ्यांचे तक्ते आखण्यात त्यांची सोळा वर्षं गेलेली (पाणी तक्त्याप्रमाणे येतं का, हे बघायला ते कधी गेले नव्हते).

त्यांनी आठवडाभर नोंदी केल्या. आई, भिकुबाई, तेव्हा दोंडाईच्याला लेकीकडे होत्या; त्यांचा वापर शून्य निघाला. मग इंटरनेटच्या वेगाच्या चाळीस एमबीपीएसपैकी पंचवीस भाऊंना, पाच अचानक गरजेला राखीव, आणि उरलेले दहा ‘महिला विभागा’ला. नवा फोन घरात आला, की तोही महिला विभागात.

“तुम्ही तर दिवसभर कचेरीत असता,” बायको हेमांगी म्हणाली. “मंगळवारी अकराला माझी ऑनलाइन मुलाखत आहे.”

दीपनगरच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि सहा वर्षांनी ती पुन्हा नोकरीसाठी अर्ज करत होती.

“मुलाखतीला तीनसुद्धा पुरतात,” भाऊ म्हणाले. “तक्त्यात आहे.”

मंगळवारी साडेदहाला भिकुबाई परतल्या, सोबत दोन नाती आणि तिघींचे तीन फोन. अकरा वाजून चार मिनिटांनी हेमांगीचा कचेरीत फोन आला. “अहो, मला त्यांचं तोंड हलताना दिसतं, आवाज येत नाही. तुमचे पंचवीस सोडा.”

भाऊ स्कूटर दामटत घरी आले. भिकुबाई फोन समोर धरून बसल्या होत्या. “लेक दिखत नही रे. नुसतं गोल गोल फिरी ऱ्हायनं.”

“आई, तुझ्या वापराचा अंदाज शून्य होता.”

“मी काय शून्य शे का?”

भाऊंनी घाईघाईनं वाटप बदललं आणि बटण दाबलं. राउटरचे सगळे दिवे विझले. पडद्यावरचं शाळेचं मंडळ गेलं, नातींची गाणी गेली, दोंडाईच्याची लेकही गेली.

“दोनच मिनिटं,” भाऊ म्हणाले. “बदल लागू होताहेत.”

लॅपटॉप उचलून हेमांगी शेजारच्या झुलालनानांकडे गेली. नाना भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडेही इंटरनेट होतं, पण एमबीपीएस म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पंखा लावून दिला आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मुलाखत तिथं पूर्ण झाली.

इकडे राउटर सुरू झाला. नाती कंटाळून अंगणात गेल्या होत्या. तक्ता आता तंतोतंत बरोबर होता, कारण वापरणारं कुणी उरलं नव्हतं.

आठ दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. भाऊंनी पेढे आणले आणि जपून विचारलं, “मध्येच मुलाखत तुटली, त्याचं काही म्हणाले नाहीत?”

“म्हणाले ना. परत जोडल्यावर पहिलाच प्रश्न होता, ऐकत नसलेला विद्यार्थी वर्गात असेल तर काय कराल? मी म्हटलं, रागवत नाही. त्याला त्याचा तक्ता करू देते आणि आपलं काम दुसऱ्या खोलीत जाऊन उरकते.”

“मग?”

“त्यांनी विचारलं, असा अनुभव आहे का? मी म्हटलं, एकोणीस वर्षांचा.”